परदेशी पाठवलेलं पार्सल गहाळ झालं तर भुर्दंड कोणाला?

प्रश्न असा आला आहे: "मी येवल्याच्या विणकरांकडून पैठण्या घेते आणि स्वतःच्या वेबसाइटवरून परदेशात विकते. इंग्लंडमधल्या एका बाईंनी ३८,००० रुपयांची पैठणी घेतली, पैसे क्रेडिट कार्डाने आले. पोस्टाने साधं आंतरराष्ट्रीय पार्सल केलं, वजन १ किलो २०० ग्रॅम. मुंबईहून 'डिस्पॅच' झाल्याचं दिसलं, त्यानंतर ३४ दिवस ट्रॅकिंग जागचं हललेलं नाही. बाई पैसे परत मागतायत. माझ्या वेबसाइटवर स्पष्ट लिहिलं आहे की माल आमच्या हातून निघाल्यावर जबाबदारी ग्राहकाची. पोस्टात गेले तर म्हणाले, अर्ज द्या. हे नुकसान नेमकं कोणी सोसायचं?"

ताई, गोड बोलून उपयोग नाही म्हणून थेट सांगतो. या सौद्यात नुकसान तुमचं आहे. पोस्टाकडून थोडे पैसे मिळतील, पण ते पैठणीच्या किमतीच्या जवळपासही जाणार नाहीत. वेबसाइटवरची ती ओळ इंग्लंडमधल्या ग्राहकापुढे टिकणार नाही. आता हे असं का, आणि यातून जितकं वाचवता येईल तितकं कसं वाचवायचं, ते सांगतो. निर्यातीची कागदपत्रं आणि पार्सलचे क्लेम करण्यात माझी चोवीस वर्षं गेली. फोर्टातल्या एका क्लिअरिंग एजंटाकडे उमेदवारी केली आणि नंतर पुण्यात स्वतःचं टेबल टाकलं. दर दिवाळीनंतर हाच प्रश्न घेऊन कोणी ना कोणी समोर येऊन बसतं.

पहिली गल्लत इथे होते की 'जबाबदारी कोणाची' हा एकच प्रश्न आहे असं आपण समजतो. ते दोन वेगळे हिशेब आहेत. एक तुमचा आणि ग्राहकाचा, म्हणजे विक्रीचा. दुसरा तुमचा आणि पोस्टाचा किंवा कुरिअरचा, म्हणजे वाहतुकीचा. पहिल्या हिशेबात तुम्ही देणं लागता ३८,०००, दुसऱ्यात तुमचं येणं निघतं जेमतेम साडेपाच हजार. मधली तफावत ज्याच्या अंगावर पडते त्याने जोखीम घेतली असं म्हणायचं. ती तुमच्यावर पडली, कारण दोन्ही हिशेबांत तुमचंच नाव आहे.

विक्रीचा हिशेब आधी घेऊ. आपल्याकडे माल विक्री कायदा १९३० चा. त्याचं कलम २६ सांगतं की मालकी ज्याच्याकडे गेली, जोखीमही त्याच्याकडे गेली. कलम ३९ पुढे म्हणतं की विक्रेत्याने ठरल्याप्रमाणे माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो ग्राहकालाच दिला असं सकृद्दर्शनी मानायचं. तुमच्या वेबसाइटवरची ओळ कुठून आली ते यावरून कळतं. कोणाच्या तरी वेबसाइटवरून उचललेली असली, तरी तिची मुळं या जुन्या कायद्यात आहेत आणि तो कायदा बेतला गेला इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावरून. गंमत म्हणजे ज्यांच्याकडून आपण हा नियम घेतला, त्यांनीच सामान्य ग्राहकापुरता तो केव्हाच मोडीत काढला. त्यांच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचं कलम २९ म्हणतं की वस्तू ग्राहकाच्या, किंवा त्याने सांगितलेल्या माणसाच्या, प्रत्यक्ष ताब्यात जाईपर्यंत जोखीम व्यापाऱ्याची. यातून सुटका करून घेणारी अट व्यापाऱ्याने कुठेही लिहिली तरी ती ग्राहकाला बांधत नाही. युरोपीय संघाचा २०११ चा ग्राहक हक्क निर्देश, कलम २०, हेच सांगतो. म्हणजे जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, सगळीकडे साधारण हाच कारभार.

"पण मी तर भारतातली, त्यांचा कायदा मला कसा लागू?" असं तुम्ही म्हणाल. वेबसाइटवर पौंडात किंमत दिसत असेल, इंग्लंडला डिलिव्हरीचा पर्याय तुम्हीच दिला असेल, तर तुम्ही तिथल्या ग्राहकाला आमंत्रण दिलं असं धरलं जातं आणि तिथला ग्राहक कायदा तुमच्या मागे लागतो. पण खरं सांगू का, एका पैठणीसाठी कोर्टापर्यंत कोणी जात नाही. निकाल बँकेत लागतो. बाईंनी क्रेडिट कार्ड वापरलं आहे. इंग्लंडच्या १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम ७५ नुसार १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या वस्तूसाठी कार्ड देणारी बँक विक्रेत्याइतकीच जबाबदार असते, आणि खरेदी परदेशातून असली तरी. तुमच्या पैठणीची किंमत या पट्ट्यात सहज बसते. त्यामुळे बाईंनी बँकेला एक फोन केला की बँक त्यांना पैसे देईल आणि चार्जबॅक म्हणून तुमच्या पेमेंट गेटवेकडून काढून घेईल, वर गेटवेची फी वेगळी. तुम्ही पुरावा म्हणून पोस्टाची पावती द्याल. बँक विचारेल, डिलिव्हरीचा पुरावा कुठाय? पावती ही पाठवल्याचा पुरावा असते. पोचल्याचा नाही. तिथे विषय संपतो.

अमेरिकेत कायदा वेगळा आहे, शेवट तोच. तिथल्या व्यापारी संहितेत करार दोन प्रकारचे. 'शिपमेंट' करारात माल वाहतूकदाराला दिला की जोखीम खरेदीदाराची, 'डेस्टिनेशन' करारात माल मुक्कामी पोचेपर्यंत विक्रेत्याची. कागदावर हे विक्रेत्याला बरं वाटतं. पण क्रेडिट कार्डाच्या बिलांबाबतचा त्यांचा १९७४ चा कायदा न मिळालेल्या मालाला 'बिलातली चूक' समजतो आणि ग्राहकाला बँकेकडे तक्रार करायची मुभा देतो. मग संहितेतल्या त्या सुंदर फरकाचं लोणचं घालायचं.

याला एक अपवाद आहे आणि आपल्या लोकांना तो फार उपयोगी. ग्राहकाने स्वतः वाहतुकीची सोय केली, म्हणजे तुम्ही न सुचवलेला, त्याचा त्याने ठरवलेला माणूस किंवा कुरिअर माल उचलायला आला, तर त्या क्षणी जोखीम ग्राहकाकडे जाते. "माझा मामेभाऊ शनिवारी कोथरूडहून येईल, त्याच्याकडे द्या, तो पुढच्या महिन्यात येतोच आहे" हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. मामेभावाची बॅग विमानतळावर हरवली तर तुमचा संबंध नाही. फक्त त्याला पैठणी दिली त्याचा फोटो, तारीख आणि ग्राहकाचा 'हो, यांनाच द्या' असा मेसेज जपून ठेवा.

आता समजा अशा दहा पैठण्या तुम्ही इंग्लंडातल्या लेस्टरमधल्या एखाद्या साडीच्या दुकानाला, पुढे विकण्यासाठी, पाठवल्या असत्या. मग सगळं बदललं असतं. व्यापारी ते व्यापारी सौद्यात वरचं ग्राहक संरक्षण नाही. तिथे तुमच्या बिलावर काय लिहिलं आहे त्याला किंमत. इथे मात्र आपले लोक जी चूक करतात ती बघून मला अजून चीड येते. पार्सल विमानाने जाणार, तरी बिलावर 'एफओबी मुंबई' ठोकलेलं असतं. एफओबी ही बोटीवर माल चढवण्याची संज्ञा आहे. कुरिअरच्या गाडीत टाकलेल्या खोक्याला ती लावली की जोखीम नेमकी कधी सरकली यावर दोन वकील वर्षभर भांडू शकतात. खर्च आणि जोखीम कुठपर्यंत कोणाची हे सांगणाऱ्या अशा संज्ञांची यादी म्हणजे पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या इन्कोटर्म्स, २०२० च्या आवृत्तीत ११ संज्ञा आहेत. पार्सलवाल्यांना त्यातल्या चार-पाच पुरतात. एफसीए आणि सीपीटी यांत माल पहिल्या वाहतूकदाराच्या हाती दिला की जोखीम खरेदीदाराची. डीएपी आणि डीडीपी यांत खरेदीदाराच्या दारापर्यंत ती तुमची. डीडीपीत तिथली ड्यूटी आणि करही तुमच्याकडेच.

सीपीटी नीट समजून घ्या, कारण इथे भलेभले घसरतात. यात भाडं तुम्ही भरता, शेवटच्या मुक्कामापर्यंतचं. तरी जोखीम तुमच्या शहरातच खरेदीदाराकडे गेलेली असते. ज्याने भाडं भरलं त्याचीच जोखीम असा आपला ठोकताळा असतो, तो इथे चुकतो. आणि उलटी फसगत डीडीपीची. बऱ्याच कुरिअर कंपन्यांच्या बुकिंगच्या पानावर 'ड्यूटी कोण भरणार' याच्यासमोर डीडीपी असा पर्याय असतो. ग्राहकाला दारात कराचा धक्का बसू नये म्हणून तुम्ही तो टिचकवता. तोच शब्द मग बिलावर छापून येतो, आणि माल त्याच्या दारात पोचेपर्यंतची सगळी जोखीम तुम्ही लेखी कबूल केलेली असते. ड्यूटी भरायची असेल तर भरा, पण बिलावर काय छापलं जातंय ते डोळ्यांनी बघा.

आता दुसरा हिशेब, पोस्टाचा. इथे तुमच्या मनात जी अपेक्षा आहे ती आधीच कमी करतो. १८९८ च्या टपाल कायद्याच्या कलम ६ ने सरकारला हरवलेल्या टपालाच्या जबाबदारीतून मोकळं ठेवलं होतं, जेवढी जबाबदारी स्पष्ट शब्दांत पत्करली असेल तेवढीच काय ती. तो कायदा जाऊन टपाल कार्यालय कायदा २०२३ आला, १८ जून २०२४ पासून लागू झाला, आणि त्यातही हीच कवचकुंडलं कायम आहेत. त्यामुळे 'पोस्टावर केस टाकीन' हा विचार सोडा. मिळेल ते ठरलेल्या दराने.

तो दर ठरतो जागतिक टपाल संघाच्या नियमांनी. १८७४ साली बर्नमध्ये स्थापन झालेली ही संघटना, तिचे हिशेब 'एसडीआर' नावाच्या एककात चालतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड यांची मोट बांधून केलेलं हे हिशेबाचं चलन. सध्या सोयीसाठी एका एसडीआरचे १२० रुपये धरू. विमा न उतरवलेलं साधं पार्सल हरवलं तर कमाल भरपाई ४० एसडीआर, अधिक दर किलोला साडेचार. तुमचं पार्सल १.२ किलो, म्हणजे ४० अधिक ५.४०, एकूण ४५.४० एसडीआर. रुपयांत साधारण ५,४५०. शिवाय टपालखर्च परत. बस्स. पैठणी येवल्याची आहे की सुरतेची नक्कल, याच्याशी या आकड्याला देणंघेणं नाही.

कुरिअरने पाठवली असती तर? तुम्हाला वाटेल खाजगी कंपनी, जास्त मिळालं असतं. विमानाने जाणाऱ्या मालाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत २००९ मध्ये त्यात आला. या करारात मालाची भरपाई वजनावर आहे. सुरुवातीला दर किलोला १७ एसडीआर होती, मग १९, मग २२, आणि २८ डिसेंबर २०२४ पासून २६. तुमच्या १.२ किलोचे झाले ३१.२ एसडीआर, म्हणजे ३,७०० रुपयांच्या आसपास. पोस्टापेक्षाही कमी! हलकी आणि महाग वस्तू पाठवणाऱ्यांना हा करार अजिबात धार्जिणा नाही. लोखंडी नटबोल्ट पाठवणाऱ्याला पूर्ण किंमत मिळून जाते आणि जरीची साडी तराजूत घालून मोजली जाते. टपालाच्या थैल्याही त्याच विमानांतून जातात, पण या कराराच्या कलम २ नुसार विमान कंपनी त्याबाबत फक्त टपालखात्याला उत्तर देते, तुम्हाला नाही. म्हणून एअरलाइनला ईमेल करत बसू नका.

माझं स्वतःचं एक दुखणं सांगतो. २०११ साली मेलबर्नच्या एका मंडळासाठी पितळी समयांचं खोकं केलं होतं. १४ किलो, बिल ६२,००० रुपयांचं. ते पाठवायची, म्हणजे पोचवायचीही, हमी मीच घेतली होती, हौसेने. एअर वे बिलावर, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाच्या वाहतूक-पावतीवर, किमतीच्या दोन चौकटी असतात. एक कस्टम्ससाठी किंमत, दुसरी वाहतुकीसाठी जाहीर किंमत. पहिलीत ६२,००० लिहिले होते. दुसरीत काउंटरवरच्या मुलाने सवयीने तीन अक्षरं लिहिली, एनव्हीडी. नो व्हॅल्यू डिक्लेअर्ड. मी खाली सही केली. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही ती चौकट मी वाचली नाही, कारण बाहेर रिक्षा थांबवली होती. खोकं सिंगापूरपर्यंत दिसलं, पुढे गुडूप. त्या वेळचा दर १९ एसडीआर, १४ किलोचे २६६ एसडीआर, हातात आले एकोणीस हजारांच्या आसपास. त्या चौकटीत ६२,००० लिहून वरचा जादा आकार भरला असता तर मर्यादा तिथपर्यंत वाढली असती. तो जादा आकार किती होता हे नंतर मुद्दाम विचारलं. हजार रुपयेही नव्हता. तेव्हापासून माझ्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक एअर वे बिलाची ती चौकट मी लाल पेनने गोल करतो.

सही केली की अडकलो, हे सुप्रीम कोर्टानेही सांगून ठेवलं आहे. १९९६ चा भारती निटिंग कंपनीचा निकाल कुरिअरच्या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ असतो. या कपडे निर्यातदारांनी १९९० च्या मे महिन्यात जर्मनीतल्या खरेदीदाराला कागदपत्रांचं पाकीट एका आंतरराष्ट्रीय कुरिअरने पाठवलं, ते पोचलं नाही. दुसऱ्या प्रती पोचेपर्यंत उन्हाळी कपड्यांचा हंगाम सरला आणि खरेदीदाराने बिलापेक्षा खूप कमी रक्कम दिली. राज्य आयोगाने चार लाखांवर भरपाई दिली होती. राष्ट्रीय आयोगाने ती पावतीवरच्या अटीनुसार १०० डॉलरवर आणली आणि सुप्रीम कोर्टाने तेच कायम केलं. अट छापलेली होती, खाली सही होती. पुढे काही प्रकरणांत सही नव्हती किंवा अटी ग्राहकाला दाखवल्याच नव्हत्या, म्हणून ग्राहक आयोगांनी कुरिअरवाल्यांना जास्त द्यायला लावलं. पण तुम्ही धंद्यासाठी सेवा घेतली असेल तर 'तुम्ही ग्राहकच नाही' हा आक्षेप पहिल्याच तारखेला येतो. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी हे काम करता हे दाखवता आलं तर कायद्यात त्याची सोय आहे. एकटीने चालवलेल्या व्यवसायाला हा मुद्दा लावून धरता येतो.

आता तुमच्या पार्सलकडे येऊ. ३४ दिवस झाले म्हणजे हरवलंच असं मी अजून म्हणणार नाही. 'डिस्पॅच' हा शब्द फसवा आहे. त्याचा अर्थ पार्सल उडालं असा आपण घेतो. प्रत्यक्षात परदेशी टपालाच्या केंद्रात तुमचा नंबर एका थैलीच्या यादीत चढला आणि थैली बंद झाली, एवढंच ते सांगतं. थैली विमानात जागा मिळेपर्यंत पडून राहू शकते. पलीकडे ती उघडली की तिथला पहिला स्कॅन उमटतो. तुमच्या बाबतीत तो उमटलेला नाही. टपाल संघाचा नियम असा की ज्या खात्याने वस्तू काही शेरा न मारता ताब्यात घेतली आणि पुढे दिल्याचं ज्याला दाखवता येत नाही, त्याच्या माथी भरपाई. भारत की इंग्लंड हे ती दोन खाती आपसात बघून घेतील. तुम्ही मात्र मागणी इथेच, आपल्या पोस्टातच करायची. ग्राहक बाईंनी तिकडे विचारलं तर 'पाठवणाऱ्याला सांगा' हेच उत्तर मिळेल, आणि ते बरोबर आहे, कारण भरपाईचा हक्क पाठवणाऱ्याचा असतो.

अर्ज आजच द्या. चौकशीची मुदत पार्सल टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिने. ती उलटली तर ते साडेपाच हजारही गेले. अर्जाबरोबर बुकिंगची मूळ पावती, सीएन २३ हा कस्टम्सचा फॉर्म, बिल, पेमेंट आल्याचा पुरावा आणि पार्सलचा फोटो असेल तर तो. नंबर लिहिताना जपून. दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी आयएन. साध्या पार्सलचं पहिलं अक्षर सी असतं. नऊ आकड्यांतला शेवटचा हा पडताळणीचा आकडा, आधीच्या आठांना ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणून, बेरजेला ११ ने भागून काढलेला. उदाहरणार्थ ४७३१२४८२ घ्या. गुणून बेरीज येते २००, अकराने भागून बाकी २, अकरातून दोन गेले नऊ. म्हणून नववा आकडा ९. मागे एका गृहस्थांनी महिनाभर 'माहिती उपलब्ध नाही' बघून पार्सल हरवल्याचं जाहीर करून टाकलं होतं. हिशेब मांडला तर आकडा जुळेना. पावतीवरच्या पुसट ७ ला ते १ वाचत होते. पार्सल दोन आठवड्यांपूर्वीच पोचलं होतं.

सीएन २३ वर किंमत किती लिहिली होती, हे तुम्ही कळवलेलं नाही. ३८,०००च असेल अशी आशा करतो. ग्राहक अनेकदा गळ घालतात, "गिफ्ट लिहा, किंमत कमी दाखवा." इंग्लंडमध्ये भेट म्हणून आलेल्या ३९ पौंडांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तूवर व्हॅट लागतो, म्हणून ही विनंती. फॉर्मवर ३,००० लिहिले आणि पार्सल हरवलं, तर क्लेमच्या वेळी ३८,००० चं बिल कुठल्या तोंडाने दाखवायचं? विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा हाच कागद मागतो. आणि खोट्या जाहीरनाम्यामुळे कस्टम्सने माल जप्त केला तर पोस्ट, कुरिअर, विमा, कोणीही एक पैसा देत नाही.

ग्राहक बाईंना काय सांगायचं? चार्जबॅकची वाट बघू नका. आजच लिहा की चौकशी सुरू केली आहे, अमुक तारखेपर्यंत माग लागला नाही तर दुसरी पैठणी किंवा पूर्ण पैसे, त्या म्हणतील ते. तारीख पंधरा दिवसांपलीकडची नको. ज्यांना ठोस तारीख मिळते ते ग्राहक सहसा बँकेत जात नाहीत. पैसे परत केलेत तर ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने करा. तुमच्या बँकेत ही निर्यात नोंदलेली असणार आणि पैसे परत गेल्यावर ती नोंद उघडी राहते, म्हणून पोस्टाचं उत्तर, रिफंडचा कागद आणि ग्राहकाचं पत्र बँकेत देऊन ती बंद करून घ्या. खरेदीवर घेतलेल्या जीएसटीच्या सवलतीचं काय, हे सीएंशी बोला. हरवलेल्या मालावरची ती सवलत सोडावी लागण्याचं कलम जीएसटी कायद्यात आहे, ते या प्रकरणी कसं बसतं ते त्यांनी कागद बघून सांगावं.

पुढच्या पैठणीसाठी मात्र विमा. कुरिअरची 'जाहीर किंमत' म्हणजे विमा असं समजू नका. तिने फक्त भरपाईची कमाल मर्यादा वाढते, बाकी त्यांच्या अटी, पळवाटा तशाच. महिन्याला पाच-दहा पार्सलं जात असतील तर विमा कंपनीकडून मरीन कार्गोची ओपन पॉलिसी, म्हणजे एकदाच घेऊन पुढची सगळी पार्सलं जिच्यात धरता येतात अशी, घ्या. नावात मरीन असलं तरी विमानाने आणि पोस्टाने जाणारा माल तिच्यात घेता येतो. तिच्यात इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस 'ए', म्हणजे मालविम्याच्या ठराविक अटींतला सगळ्यात मोठं संरक्षण देणारा संच, आहे ना, हे विचारा. 'सी' स्वस्त पडतं, पण त्यात चोरी आणि नुसतं न पोचणं बसत नाही, आणि पार्सलला धोका त्याचाच. विम्याची रक्कम प्रथेप्रमाणे माल अधिक भाड्याच्या ११० टक्के. 'ए' मध्येही कच्चं पॅकिंग आणि उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं, म्हणून पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर तपकिरी कागद, असलं पॅकिंग नको. आणि माल हरवला की वाहतूकदाराला लेखी मागणीपत्र लगेच द्या. ते नसेल तर विमा कंपनी तुमच्या क्लेमला कात्री लावते. कुरिअरविरुद्ध दावा करायचाच तर माँट्रियल कराराची मुदत दोन वर्षांची, त्यानंतर हक्कच उरत नाही.

दारात टाकून जाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे विचाराल. 'डिलिव्हर्ड' दिसतं आणि ग्राहक म्हणतो मिळालं नाही, हा प्रकार हरवण्यापेक्षा जास्त होतो. इंग्लंड-युरोपात 'प्रत्यक्ष ताबा' म्हणजे पायरीवर ठेवणं नव्हे. ग्राहकाने स्वतः शेजारी द्या, गॅरेजमध्ये ठेवा असं सांगितलं असेल तर गोष्ट निराळी. महागड्या वस्तूला सहीची डिलिव्हरी घ्याच. पेपॅलवरून पैसे घेत असाल तर ७५० डॉलर आणि त्यावरच्या व्यवहाराला सहीशिवाय विक्रेत्याचं संरक्षण मिळतच नाही, आणि पत्ताही व्यवहारावर छापलेलाच हवा. "ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा ना" असा नंतर आलेला मेसेज पाळलात की ते संरक्षण गेलं.

एक राहिलं. पैसे परत दिल्यावर किंवा दुसरी पैठणी पाठवल्यावर पहिली उगवली तर? असं होतं, मी तीनदा पाहिलं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची करमाफी काढली आणि आपलं टपाल ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिकडे बंद होतं, तेव्हा कितीतरी पार्सलं हरवली असं धरून लोकांनी पैसे फेडले आणि नंतर ती परत दारात आली. पोस्टाने भरपाई दिल्यानंतर वस्तू सापडली तर ते तुम्हाला कळवतात. तीन महिन्यांत भरपाईची रक्कम परत भरून ती घेता येते. तुमच्या बाबतीत ५,४५० भरून ३८,००० ची पैठणी, घ्यायचीच. पण ती थेट बाईंच्या दारी गेली तर पोस्टाकडून तुम्हाला कळेलच असं नाही. म्हणून आज जो ईमेल पाठवाल त्यात एक ओळ घाला: पहिलं पार्सल नंतर मिळालं तर कृपया कळवा, परतीचा खर्च मी देईन, किंवा ठेवायचं असेल तर तेवढी रक्कम पाठवा. आणि त्यांचं 'हो' आल्यावरच रिफंडचं बटण दाबा.